एइडोलोन म्हणजे नुसती मूर्ती नव्हे

कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये अमेरिकन मिशनचे काम सुरू केले. तेव्हापासून चाललेल्या धर्मचर्चेत एक गैरसमज सहज होतो: आरंभीचे ख्रिस्ती घडवलेल्या प्रत्येक आकृतीलाच नाकारत होते. मराठी नव्या करारात जिथे ‘मूर्ती’ येते, तिथे मूळ ग्रीक शब्द बहुधा ‘एइडोलोन’ (भासमान आकृती) असतो. हा भास कसा, तर गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना धुक्यात एखादा खडक माणसासारखा दिसतो तसा. आकार दिसतो, पण माणूस तिथे नसतो. होमरच्या काव्यात मृतांच्या छायांना हाच शब्द आहे. ग्रीक भक्त देवप्रतिमेला सहसा ‘आगाल्मा’ (देवाला आनंद देणारी वस्तू) म्हणत. हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणणाऱ्या ज्यू भाषांतरकारांनी मात्र परदेवतांच्या प्रतिमांना एइडोलोन म्हटले, आणि ख्रिस्ती लेखकांनी तोच शब्द उचलला. म्हणजे हा शब्द वर्णन नव्हता, निवाडा होता. मराठीतली ‘मूर्ती’ तर मूर्त, साकार; अर्थाने जवळजवळ उलट टोकाची.

यावर रास्त आक्षेप असा की, नव्या करारातल्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल आठव्या अध्यायात एइडोलोन काहीच नाही म्हणतो, तर दहाव्यात नैवेद्यामागे दुष्टात्मे असल्याचे बजावतो. हा विरोध वरवरचा वाटतो. प्रतिमेत देव नाही, हे पहिले म्हणणे. त्या उपासनेत सहभागी होणे निरुपद्रवी नाही, हे दुसरे. आणि आकृतीलाच विरोध असता तर कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताला अदृश्य देवाची ‘एइकोन’ (प्रतिरूप) म्हटले नसते. त्याच पत्रात लोभालाही मूर्तिपूजा म्हटले आहे, आणि लोभाला तर घडवलेली आकृती नसतेच.