जिंकलो ‘आपण’, हरली ‘पोरं’

शिमगा उरकला होता आणि मुंबईला परतणाऱ्यांची पोलादपूरच्या एसटी स्टँडवर रीघ लागली होती. आदल्या रात्री कबड्डीचा अंतिम सामना झाला होता, त्यामुळे समोरच्या चहाच्या टपरीवर त्याचीच उजळणी. ‘आपण पहिल्या दहा मिनिटांत लोण चढवला, तिथंच मॅच संपली,’ जिंकलेल्या गावातला एक जण कपबशी हातात घेऊन सांगत होता. शेजारच्या बाकावर हरलेल्या गावचा एक गृहस्थ फोनवर बोलत होता. ‘नाय रे, हरली पोरं. तिसऱ्या चढाईला कशाला घाई केली त्यांनी, काय कळलंच नाय.’

हाच माणूस उपांत्य सामना जिंकल्यावर ‘आपण फायनलला!’ म्हणून माझ्या शेजारी उड्या मारत होता. त्याला बारा तासही झाले नव्हते. उपांत्य फेरीतले ‘आपण’ अंतिम फेरीत ‘पोरं’ कधी झाले, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

मराठीला या बाबतीत लपवाछपवी जमत नाही. इंग्रजीत एका ‘वुई’मध्ये सगळे मावतात. आपल्याकडे ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तोही पंगतीला बसतो. विजय झाला की माणूस ‘आपण’ म्हणतो, कारण आनंद वाटून घ्यायला त्याला माणसं हवी असतात. पराभवानंतर तो स्वतःच पंगतीतून उठतो.

याचा रीतसर अभ्यास अमेरिकेत झाला आहे. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1976 साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी सात विद्यापीठांत दर सोमवारी वर्गात कोण काय घालून आलंय, हे मोजलं. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल, तर सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे, चिन्हाचे कपडे घालणारे जास्त निघत. मग मुलांना फोन करून सामन्याबद्दल विचारलं, तेव्हा जिंकलेल्या सामन्याचं वर्णन करताना ‘आपण’ जास्त आलं आणि हरलेल्याचं करताना कमी. यातली खरी गंमत पुढे आहे. फोनवर आधी मुलांना काही प्रश्न विचारून, उत्तरं बरोबर असोत की चूक, काहींना ‘तुम्ही छान केलंत’ सांगितलं आणि काहींना ‘जमलं नाही’. ज्यांना ‘जमलं नाही’ हे ऐकावं लागलं, त्यांच्यातच हा आपण-ते फरक ठळक दिसला. स्वतःची बाजू पडती असली की माणूस दुसऱ्याच्या विजयाला घट्ट धरतो आणि दुसऱ्याच्या पराभवापासून चार हात लांब उभा राहतो.

पुढे 1990 मध्ये डॅनियल वॅन आणि नायला ब्रान्सकॉम्ब यांनी या चित्राला एक पुरवणी जोडली. संघाशी ज्यांची नाळ घट्ट असते, ते हरल्यावरही फारसे लांब सरकत नाहीत. सरकतात ते वरवरचे चाहते. म्हणजे टपरीवरचा आपला माणूस वरवरचा ठरला का? मला नाही तसं वाटत. अमेरिकी विद्यापीठातला विद्यार्थी आणि पोलादपूरकडचा गावकरी यांच्यात एक मोठा फरक आहे. विद्यार्थी चार वर्षांनी पदवी घेऊन निघून जातो. गावाची पदवी मिळत नाही आणि गाव सुटतही नाही.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधल्या संघांना बहुधा देवाचं नाव असतं. सोमजाई, वाघजाई, भैरवनाथ, नाहीतर सरळ हनुमान. त्यामुळे एकाच स्पर्धेत एकाच नावाचे दोन संघ उतरतात आणि समालोचकाला प्रत्येक वेळी गावाचं नाव जोडून पुकारा करावा लागतो. संघ देवाच्या नावावर आणि वर्गणी गावकीच्या वहीत, अशा ठिकाणी ‘मी यंदापासून शेजारच्या गावाचा चाहता’ असं म्हणण्याची सोयच नाही. तसं कुणी म्हणालाच, तर त्याला आधी ‘बरं वाटत नाही का?’ असं विचारतील.

यातली निम्मी गोष्ट मुंबईत घडते. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळ, डिलाईल रोडच्या चाळींत गाववाल्यांच्या सामाईक खोल्या असत. पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि महिन्याला गावच्या मंडळाची वर्गणी द्यायची. त्या वहीत देवळाचा जीर्णोद्धार, पालखी, मयताचा खर्च आणि कबड्डीचा संघ हे सगळं एकाच शाईनं लिहिलेलं असे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या आणि खोल्यांमधली माणसं नालासोपारा, दिवा, भांडुप अशी पांगली. मंडळं मात्र राहिली. आजही अनेक गावांचे संघ मुंबई-ठाण्याच्या मैदानांवर एकमेकांशी खेळतात. बघणारेही तेच, हरणारेही तेच.

कबड्डीइतकाच, किंबहुना तरुण पोरांत त्याहून जास्त, टेनिस बॉल क्रिकेटचा जोर आहे. या स्पर्धांच्या पत्रकावर एक ओळ ठळक छापलेली असते: ‘एक गाव, एक संघ’. त्याखाली बारीक अक्षरात ‘आधार कार्ड सोबत आणणे’. ही अट का आली, ते कुणी सांगायला नको. मध्ये एक काळ असा आला की अंतिम फेरीच्या दिवशी कुठल्याच गावकऱ्यानं कधी न पाहिलेला एखादा गोलंदाज गावची जर्सी घालून उभा असे. सामना जिंकता येई, पण बघणाऱ्यांची पंचाईत व्हायची. टाळ्या वाजवायच्या तर कुणासाठी? आमच्या ओळखीतले एक काका अशा वेळी स्पष्ट म्हणायचे, ‘भाड्याच्या विजयापेक्षा आपल्या पोराचा भोपळा बरा.’ काकांचा स्वतःचा मुलगा दोनदा शून्यावर बाद झाला होता, हेही इथे नोंदवायला हवं.

निष्ठेची खरी कसोटी मी पाहिली ती एका वहिनींची. माहेर आणि सासर एकाच तालुक्यात, आणि उपउपांत्य फेरीत गाठ पडली ती नेमकी या दोन गावांची. शेताची ढेकळं फोडून, पाणी मारून, धुमसानं चोपून मैदान केलेलं. 13 बाय 10 मीटरच्या चौकटीला फक्कीच्या पांढऱ्या रेषा आणि चार कोपऱ्यांत हॅलोजन. वहिनी सासरच्या बायकांत बसल्या होत्या. चढाईला आला त्यांचा भाचा. सासरचे सहा जण मैदानात होते, म्हणजे बोनस चालू होता. पोरानं पाय टाकून बोनस घेतला आणि उलटा वळून मध्यरेषा गाठली. सासरच्या बायका ‘अरेरे’ म्हणाल्या. वहिनींनी पदर तोंडाला लावला. तो हसू लपवायला, हे मला दिसलं, त्यांच्या सासूबाईंनाही दिसलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘तुझ्या भावाचा ना गं? पाय चपळ आहे.’

गावच्या संघाचं हे असं. निवड करायची वेळ आली ती 26 जुलै 2014 पासून, प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा. टीव्हीवर एकीकडे यू मुंबा, दुसरीकडे पुणेरी पलटण. महाडकरांनी कुणाचं व्हायचं? नकाशा बघा. मुंबई-गोवा महामार्ग धरला की मुंबई. बिरवाडीकडून वरंध घाट चढला की भोर आणि पुणे. पोलादपूरहून आंबेनळीनं वर गेलं की महाबळेश्वर आणि तिथून पुन्हा पुणेच. वाटा घाटावर जाणाऱ्या जास्त, पण पैसा, माणूस आणि मनिऑर्डर मुंबईची. शिवाय पावसाळ्यात दरड आली की वरंध बंद. त्यामुळे घराघरांत मुंबाचा केशरी रंग आधी शिरला.

आणि सुरुवातीला त्या रंगानं निराशही केलं नाही. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली यू मुंबा पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत होता. 2014 मध्ये जयपूरकडून हार, 2015 मध्ये बेंगळुरूला 36-30 हरवून विजेतेपद, 2016 मध्ये पाटण्याकडून 31-28 अशी तीन गुणांनी हार. त्यानंतर मात्र अंतिम फेरीनं पाठ फिरवली. खुद्द अनुप कुमार 2018 मध्ये जयपूरच्या जर्सीत दिसला. त्याच हंगामात चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईनं मुंबाकडून दोनशेच्या वर गुण मिळवले आणि पुढच्याच लिलावात तो 1 कोटी 45 लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. चाहत्याला मागे राहिला तो फक्त रंग.

तिकडे सुरुवातीच्या हंगामांत तळाशी घुटमळणाऱ्या पुणेरी पलटणनं डिसेंबर 2022 मध्ये पहिल्यांदा अंतिम फेरी गाठली, तीही मुंबईत, आणि जयपूरकडून 33-29 अशी हरली. मग 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणाला 28-25 हरवून अस्लम इनामदारच्या संघानं चषक उचलला. त्या आठवड्यात महाडच्या बाजारपेठेत पलटणचे जुने चाहते अचानक वाढले, असं माझं निरीक्षण आहे. सोमवारच्या कपड्यांचा अमेरिकी प्रयोग इथेही करता आला असता. मी त्यांना दोष देत नाही. लिलावात दरवर्षी माणसं बदलणारा संघ चाहत्याला निष्ठा शिकवायला गेला, तर चाहता त्याच्याकडून लिलावच शिकणार.

क्रिकेटमध्ये तर महाडकर कागदावर एका संघाचा आणि मनानं दुसऱ्याचाच. रायगड जिल्ह्याची क्रिकेट संघटना पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनशी संलग्न आहे. म्हणजे इथला गुणी पोरगा निवड चाचणी देत वर चढला, तर तो रणजीत महाराष्ट्राकडून खेळणार, मुंबईकडून नाही. पण चहाच्या टपरीवर रणजीचा विषय निघालाच, तर ‘आपण’ म्हणजे मुंबई. तेही समजण्यासारखं आहे. मार्च 2024 मध्ये विदर्भाला हरवून मुंबईनं 42वं विजेतेपद मिळवलं. महाराष्ट्राची विजेतेपदं दोन, 1939-40 आणि 1940-41, दोन्ही प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर आठ दशकं चषक नाही. तीनदा तोंडाशी आलेला घास गेला. 1970-71 च्या अंतिम सामन्यात मुंबईचे तारे वेस्ट इंडिज दौऱ्यावर होते, तरी सुधीर नाईकच्या दुय्यम समजल्या गेलेल्या संघानं महाराष्ट्राला हरवलं. 1992-93 मध्ये पंजाबनं. 2013-14 मध्ये केदार जाधवनं हंगामात 1223 धावा काढल्या आणि अंतिम सामना कर्नाटकनं नेला.

तरी महाराष्ट्राच्या रणजी सामन्याला, रिकाम्या स्टँडमध्ये, डबा घेऊन बसणारे काही लोक असतात. त्यांना विजयाच्या प्रकाशात न्हाऊन निघायचं नसतं, तसा प्रकाश तिथे नसतोच. माझ्या मते चाहता या शब्दाचा पूर्ण अर्थ तिथे बसलेला असतो. त्यांच्या मानानं आयपीएलमधल्या पुण्याच्या चाहत्यांवर आलेली वेळ क्रूर म्हणावी लागेल. रायझिंग पुणे संघ चेन्नई आणि राजस्थानच्या बंदीच्या दोन वर्षांपुरताच जन्माला आला होता. 21 मे 2017 ला त्याला मुंबई इंडियन्सविरुद्ध अंतिम सामन्यात 130 धावा हव्या होत्या, झाल्या 128. एका धावेनं हार. इतर कुठल्याही चाहत्याला अशा रात्री ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता येतं. पुणेकरांना तेही म्हणता येईना, कारण पुढच्या वर्षी संघच नव्हता.

गावच्या संघाला ही भीती नाही. जुलै 2021 मध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तळीयेवर डोंगर कोसळला. त्या वर्षी आमच्याकडे स्पर्धेचं नाव कुणी काढलं नाही. पण पुढे कधीतरी कुणीतरी वही उघडली, नावं पुन्हा लिहिली आणि पहिल्याच सामन्यात हरून सगळे घरी आले.

पोलादपूरच्या टपरीवर मुंबईची गाडी लागल्याचा पुकारा झाला. ‘हरली पोरं’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थानं फोन खिशात टाकला, चहाचे पैसे दिले आणि बाकाखालची मोठी प्लास्टिकची पिशवी उचलली. ती इतकी फुगलेली होती, की मी विचारलं, काय आहे? आत संघाच्या बारा जर्सी होत्या, लाल मातीनं माखलेल्या. ‘आमच्या हिला सांगितलंय, रात्री मशीन लावायची,’ तो म्हणाला. पुढच्या रविवारी भांडुपला सामने होते.