जुने वस्त्र, नवा करार

जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातूनही, मुंबईस गेलेल्या हजारो चाकरमान्यांनी गिरणगावात जे कापड काढले, ते बहुतांशी निव्वळ सुती असल्यामुळे त्याच्या अंतकाळाची चिंता कोणास वाहावी लागली नाही. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की तिचे पोतेरे होई, आणि शहरात उरलेसुरले बोहारणीच्या पाटीत जाई.

आजच्या वस्त्राची अवस्था निराळी आहे. सुतात पॉलिएस्टर, ताण यावा म्हणून स्पॅन्डेक्सचा अंश, वर धातूची बटणे आणि चेन, असा संकर एकदा झाला की त्यातील तंतू पुन्हा विलग करणे कारखानदारास परवडत नाही. मालाच्या पुनर्वापराचा पुरस्कार करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन ह्या संस्थेच्या 2017 सालच्या अहवालाप्रमाणे वस्त्रांसाठी खर्ची पडणाऱ्या मालापैकी एक टक्काही माल पुन्हा वस्त्ररूपाने परत येत नाही.

ह्याच संस्थेने 2019 च्या जुलैत, डेनिमच्या धंद्यातील चाळीसहून अधिक जाणकारांस एकत्र बसवून, केवळ जीन्सपुरता एक मसुदा जाहीर केला. जीन्स घरगुती धुलाईच्या किमान 30 खेपा टिकावी, तिचे भाग सहज सुटे व्हावेत, रिव्हेट काढून टाकावेत किंवा अगदी मोजके ठेवावेत, अशी त्यातील कलमे होती. 2021 च्या सुधारणेत वजनाने 98 टक्के तंतू कापसासारखे सेल्युलोजचेच असावेत, अशीही अट आली. रिव्हेटावरील हा रोख क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. खिशांचे कोपरे उसवू नयेत म्हणून जेकब डेव्हिस नामक शिंपी आणि लिव्हाय स्ट्रॉस ह्यांनी 1873 मध्ये ज्याचे पेटंट घेतले, तोच हा धातूचा ठिपका. जुने कापड पिंजणाऱ्या यंत्रात धातू जाऊन चालत नाही, सबब कमरेचा सारा भागच कापून टाकावा लागतो, आणि त्याबरोबर धडधाकट कापडही वाया जाते. सूतगिरणी, शिवणखाना, व्यापारी आणि पिंजणारा ह्यांनी एकाच कागदावर सही केल्याखेरीज असला दोष निघत नाही, कारण एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण असते.

माल एकजिनसी असावा आणि भाग सुटे व्हावेत, ह्या तत्त्वाचा नमुना मालवणच्या किनाऱ्यावर उन्हात वाळत घातलेला दिसतो. सुताची व तागाची जाळी मागे पडून नायलॉनची आली; त्यांतील नायलॉन-6 हे एकजिनसी द्रव्य असल्यामुळे रासायनिक क्रियेने त्याचे मूळ कॅप्रोलॅक्टम परत मिळवता येते. इटलीची ॲक्वाफिल कंपनी जुनी जाळी व गालिचे ह्यांपासून 2011 पासून असा धागा काढते, आणि त्याचे पोहण्याचे पोशाख होतात. शिवाय जाळ्याची शिशाची वजने व तरंगती बुचे दोरीने बांधलेली असल्यामुळे मच्छीमार ती सोडवून नव्या जाळ्यास लावतो. जे सुटे व्हायचे ते शिवून टाकू नये, हे शहाणपण त्याला कोणत्याही मसुद्याने शिकविलेले नाही.

जीन्सच्या करारात पुढे सुमारे 100 संस्था सामील झाल्या, तरी तो स्वेच्छेचा मामला होता आणि मोडणाऱ्यास दंड नव्हता. हे त्याचे वैगुण्य मला मोठे वाटते. युरोपीय संघाने 2025 पासून वापरलेले कापड वेगळे गोळा करण्याची सक्ती सदस्य राष्ट्रांवर केली, ती अधिक परिणामकारक ठरेल. आपल्याकडे तसा बंदोबस्त होईतो ग्राहकाने निदान गणपतीच्या खरेदीत कपड्याच्या आतली पट्टी उलटून पाहावी, आणि दोन सदऱ्यांत निवड करायची झाल्यास शंभर टक्के सुती असेल तोच घ्यावा.