गोठ्यातली गणपतीची शाळा

कुडाळ तालुक्यातील एका वाडीत, ज्या गोठ्याच्या दावणीला कित्येक वर्षांत जनावर बांधले गेलेले नाही, त्या गोठ्यात यंदा गणपतीची शाळा भरणार, ही बातमी मला एका परिचिताने सांगितली ती कौतुकाने नव्हे, तर काहीशा कुचेष्टेने. गणपतीची शाळा म्हणजे मूर्तिकाराचा कारखाना. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास तेथे शाडूची माती भिजते, श्रावणात आसपासच्या वाड्यांतील यजमान आपापल्या घरचे पाट आणून ठेवतात आणि भाद्रपदात त्याच पाटांवर बसून मूर्ती घरोघर जातात. इतक्या सोवळ्या व्यवहाराला शेणामुताची जागा निवडावी यात परिचिताला विनोद दिसला. मला मात्र त्यात एक व्यवहारी हिशेब दिसला, आणि तो जमतो की नाही हे प्रत्यक्ष पाहावे म्हणून शिमगा संपून माणसे पुन्हा कामाला लागताच मी तेथे गेलो.

मूर्तिकाराची जुनी जागा बाजारपेठेत, भाड्याची. मालकाला ती दुकानासाठी हवी झाली आणि मुदत संपताच त्याने ती मागून घेतली. मूर्तिकाराच्या मामीच्या परसात चाळीस फूट लांबीचा आणि सोळा फूट रुंदीचा, जांभ्या चिऱ्यांचा, मंगलोरी कौलांचा गोठा रिकामा होता. मामींचे मुलगे मुंबईस, नांगरटीला पॉवर टिलर, दूध पिशवीतले. गुरे यथाकाल विकली गेली आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर ‘गुरांचा गोठा’ एवढी नोंद उरली. आत झावळ्या, फुटकी कौले, एक मोडका पलंग आणि एका कोपऱ्यात कमरेइतके वारूळ. पण ओल्या मूर्तीला जे लागते ते गुराला लागते त्याहून फारसे निराळे नाही. उन्हाचा झोत वा जोराचा वारा मातीला लागला की पृष्ठभाग आतल्या गाभ्याच्या आधी आकसतो आणि तडा पडतो. कोंदट ओलीत तीच मूर्ती श्रावण सरला तरी वाळत नाही. जाड भिंती, उतरते छप्पर, खाली आलेली वळचण आणि वरच्या अंगाला ठेवलेले झरोके यांतून जी मंद, खेळती हवा मिळते ती गोठा बांधणाऱ्याने जनावरांसाठी योजली होती. मूर्तिकाराला ती आयती मिळाली.

गवंड्याला तेथे सगळे मेस्त्री म्हणत. साठी ओलांडलेला, अंगाने कृश आणि शब्दांच्या बाबतीत कमालीचा काटकसरी असा हा गृहस्थ कामाला हात लावण्यापूर्वी दक्षिणेच्या लांब भिंतीला ओळंबा सोडून बराच वेळ उकिडवा बसून राहिला आणि अखेर म्हणाला, “तीन बोटां.” भिंत माथ्याशी तीन बोटे बाहेर झुकली होती.

या तीन बोटांचा पुढे वाडीभर बोलबाला झाला. मामींचा धाकटा मुलगा, जो मुंबईस एका ठेकेदाराकडे नोकरीला आहे आणि त्या सुमारास रजेवर आला होता, त्याने तीन बोटे ऐकताच निकाल दिला की भिंत उतरवावी, किंबहुना सबंध गोठाच उतरवावा, लोखंडी कैच्या उभ्या करून वर पत्रा घालावा आणि पंधरवड्यात मोकळे व्हावे. त्याचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. मृग तोंडावर होता, शाळा बंद राहिली तर वर्षाची कमाई बुडणार होती, आणि पत्र्याच्या शेडीचा खर्च आगाऊ सांगता येतो तसा जुन्या भिंतीचा सांगता येत नाही. पत्र्याखाली जूनमधल्या उघडिपीत मातीची काय अवस्था होईल हे मात्र त्याच्या अंदाजपत्रकात कोठे धरलेले नव्हते. शेजाऱ्यांनी तीन बोटांची साडेतीन केली. मामींनी सांगितले की त्यांच्या सासऱ्यांच्या हयातीतही भिंत अशीच होती.

मेस्त्रींनी वादात भाग घेतला नाही. भिंतीला जी उभी भेग होती तिच्यावर त्यांनी काचेची एक अरुंद पट्टी आडवी धरली आणि दोन्ही टोकांना सिमेंटचा एकेक ठिपका देऊन ती चिकटवली. भेग हलली तर काच तडकणार. या कामात सिमेंट वापरलेले मी पाहिले ते एवढेच. मग ते वर चढले.

भिंत किती झुकली हे विचारणारे पुष्कळ होते. ती का झुकली हे पाहायला माळ्यावर चढणारे ते एकटेच. दोन्ही बाजूंचे वासे आढ्याशी एकमेकांना टेकलेले असतात आणि वरचे ओझे त्यांचे पाय सतत बाहेरच्या बाजूस रेटत असते. हा रेटा आडव्या तुळया धरून ठेवतात. येथे मधल्या तुळईचे दक्षिणेकडील टोक भिंतीत जेथे शिरते तेथे वाळवीने आतून पोखरले होते. बाहेरून लाकूड धडधाकट दिसत होते, पण मेस्त्रींनी तासणीचे टोक दाबले तशी ती मुठीपर्यंत आत गेली. तुळईची पकड सुटली, वासे पसरले आणि त्यांनी भिंतीला बाहेर ढकलले. “भितीचो काय गुन्हो नाय,” वरूनच त्यांनी सांगितले. “वाशांनी तिका ढकलल्यानी.”

सुताराने छपराला खालून टेकू दिले, तुळईचे कुजके टोक निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढले आणि किंजळीच्या तुकड्याचा लांब तिरपा सांधा करून लोखंडी पट्ट्यांनी आवळला. भिंतीत शिरणाऱ्या टोकाला काजूच्या टरफलांचे तेल पाजले. हे काळे, जळजळीत तेल कातडीला लागले तर फोड उठवते आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. बाहेरच्या अंगाला मेस्त्रींनी भिंतीला लागून चिऱ्यांचा एक उतरता धिरा उभारला. काच तडकली नाही. भिंत पुन्हा ओळंब्यात आणण्याचा प्रश्न कोणीतरी काढला तेव्हा ते जरासे वैतागले: “इतकी वरसां ती थयच बसली हा. आता खंय जातली? तिका हात लावू नुको.” तीन बोटे तशीच राहिली. नवे बांधणाऱ्याला काय बांधायचे एवढेच ठरवावे लागते. जुने सावरणाऱ्याला कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरवावे लागते, आणि या दुसऱ्या विद्येचा मेहनताना कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला मला आढळलेला नाही.

तीन बोटांच्या या गदारोळात भिंतीच्या तळाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत चिऱ्यांवर पांढुरकी लव आली होती, आणि अंगठा फिरवला की तांबडा दगड पिठासारखा गळत होता. भिंतीला लोणा लागला होता. गुरांच्या मूत्रातील नत्रयुक्त द्रव्यांचे मातीतील सूक्ष्म जंतू क्षारांत रूपांतर करतात. हे क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात, पाणी उडून गेले की दगडाच्या छिद्रांत त्यांचे स्फटिक होतात आणि ते वाढताना दगड आतून फोडतात. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा पूर्वी अशाच गोठ्यांच्या आणि जुन्या भिंतींच्या मातीतून काढीत असत, आणि त्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे बिहारचा माल भरून नेत. ज्या पदार्थावर साम्राज्याच्या तोफा चालल्या तो मामींच्या परसात निमूटपणे चिरे खात बसला होता.

यावरचा इलाज कंटाळवाणा आहे, आणि मला तोच पाहत राहावासा वाटला. प्रथम कोरड्या कुंच्याने लव झाडून गोळा करावयाची, कारण पाणी आधी मारले तर क्षार विरघळून पुन्हा आत शिरतो. नंतर बारीक चिकणमातीचा ओला लेप भिंतीवर बोटभर थापायचा आणि सावकाश वाळू द्यायचा. वाळताना लेप भिंतीतले खारे पाणी शोषून घेतो. मग त्याच्या खपल्या काढून लांब नेऊन टाकायच्या आणि पुन्हा लेप. दर लेपाला भिंत भिजली की तिच्यातून एक वास उठे: मुरलेले मूत, सडके गवत आणि त्यांखाली किंचित गोडसर असे काहीतरी. एवढ्या वर्षांत आत एक वासरूही उभे राहिले नव्हते, तरी वास ताजा होता. तो सुटला की मामी हातातले काम टाकून मागीलदारी येत. एकदा त्यांनी खरी चिंता बोलून दाखवली: “हो वास पावसात पुन्ना सुटतलो. गणपतीक चलात?” मूर्तिकाराने मान वर न करता उत्तर दिले, “तेच्या बापाशीचो नंदी मगे खंय बांधतत?”

गिलावा चुन्याचा. समुद्राकाठच्या शिंपल्या भट्टीत भाजून केलेली कळी खड्ड्यात विरवून ठेवलेली होती, आणि मी पाहिली तेव्हा ती लोण्यासारखी झाली होती. तीत चाळलेली वाळू आणि गुळाचे पाणी. सिमेंटचा थर ओल कोंडतो आणि क्षार तेवढाच वर चढतो. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. मात्र तो हवेतला कर्बवायू घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून त्याला घाई चालत नाही. गिलाव्याशिवाय उघडा जांभा सुंदर दिसतो अशी एक शहरी समजूत आहे. तिचा परिणाम ज्यांना पाहायचा असेल त्यांनी जुन्या गोव्यात जावे. 1605 साली पवित्रविधी झालेल्या बॉम जेझुस चर्चचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात खरडून काढण्यात आला आणि तेव्हापासून त्या भव्य भिंतींचा जांभा पावसाळ्यागणिक झिजतो आहे. खाणीतून काढताना मऊ असलेला हा दगड हवेत कठीण होतो हे खरे, पण वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस त्याने उघड्या अंगावर झेलावा अशी त्याच्याकडून अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मेस्त्रींनी तळाचा गुडघाभर भाग वेगळा ठेवला. तेथे वाळू जास्त घालून मुद्दाम कच्चा गिलावा दिला, म्हणजे उरलासुरला लोणा दगडाऐवजी त्यालाच खाईल आणि चारदोन वर्षांनी तेवढाच उतरवून नवा देता येईल.

छपराचे काम लवकर उरकले. कौले उतरवली, काथ्याच्या कुंच्याने शेवाळ घासले, एकेक कौल बोटाने वाजवून खणखणीत ते ठेवले आणि बद्द ते बाजूस टाकले. रिपा बदलल्या, घर पुन्हा शाकारले. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरास पहिला कारखाना काढल्यापासून हे कौल किनारपट्टीभर पसरले, आणि त्याचा साचा एवढा थोडा बदलला आहे की दुसऱ्या कोणाच्या पडक्या पडवीवरून आणलेली जुनी कौले येथल्या ओळींत बिनतक्रार बसली.

उजेडावरून मात्र मूर्तिकार आणि मेस्त्री यांचे बिनसले. मेस्त्रींना छपरात काचेची कौले घालायची होती, मूर्तिकाराला ती नको होती. काचेतून पडणारा उन्हाचा कवडसा दिवसभर जमिनीवरून फिरतो आणि वाटेत ओली सोंड सापडली तर तिला तडा देतो. त्याला उत्तरेच्या भिंतीत, खोल वळचणीखाली, रुंद खिडकी हवी होती, कारण शेवटची आखणी, म्हणजे डोळे काढण्याचे काम, सावली न हलणाऱ्या उजेडातच होते. अखेर दोन झरोके एक करून, वर किंजळीची पाटी घालून खिडकी काढली आणि मेस्त्रींच्या समाधानाखातर गव्हाणीच्या वर दोन काचेची कौले बसवली. गव्हाण मोडायची नाही यावर दोघांचे एकमत होते. चिऱ्यांची ती लांबट कुंडी घासून, चुन्याने आतून गुळगुळीत करून, शाडू भिजत घालण्यासाठी ठेवली आहे. उंची बैलाच्या तोंडाची, म्हणजे उभ्याने माती मळणाऱ्या माणसाच्या कमरेची. गुरांचे मूत वाहून नेणारा जमिनीचा उतारही तसाच ठेवला, कारण मातीकाम करणाऱ्यालाही दिवसअखेर जमीन धुवावीच लागते. मधल्या काळात रजा संपवून परतलेल्या मामींच्या मुलाने फोनवरून विचारले की काम पंधरवड्यात झाले का. झाले नव्हते, अक्षय्यतृतीया केव्हाच टळून गेली होती आणि पहिल्या मूर्ती मामींच्या ओटीवर बसल्या होत्या.

मृगाचा पहिला पाऊस पडला तेव्हा दक्षिणेची भिंत कोरडी राहिली आणि काचेच्या एका कौलाशी पाणी ठिबकले, ते नेमके गव्हाणीत. मूर्तिकार म्हणाला, माती तशीही भिजवायचीच आहे. मेस्त्रींना हा विनोद मुळीच आवडला नाही. डोक्यावर खोळ घेऊन ते त्याच पावसात वर चढले आणि कौल सरकवून आले.

शेवटची अडचण सुताराची. मूर्ती वाळत ठेवण्यासाठी दक्षिणेच्या भिंतीला फळ्यांच्या चार ओळी मारायच्या होत्या, आणि सरळ कापलेली फळी खाली भिंतीला चिकटे, तर वरच्या ओळीत मागे लहान मूर्ती कलंडून पडावी एवढी फट राही. प्रत्येक ओळ निराळ्या रुंदीची कापावी लागली. सुताराने त्याबद्दल जास्तीची मजुरी मागितली आणि बिलात स्वच्छ अक्षरांत ‘तीन बोटे’ अशी बाब लिहून दिली. मूर्तिकाराने ती घासाघीस न करता चुकती केली.