इटालियन क्रियापदे : अक्षरविभाजन व आघात

इटालियन शब्दातील एक अक्षर इतरांहून अधिक जोराने उच्चारले जाते. या जोरास आघात म्हणतात. अनेकाक्षरी शब्दात तो अंत्य अक्षरावर असेल, तरच सामान्य लेखनात चिन्हाने दाखवितात; एरवी वाचकालाच तो ओळखावा लागतो. (प्रस्तुत नोंदीत आघातयुक्त अक्षरापूर्वी ˈ हे चिन्ह योजिले आहे.) क्रियापदांत ही अडचण विशेष जाणवते. ˈका-पि-तो म्हणजे ‘मी सहज येऊन पोहोचतो’, का-ˈपी-तो म्हणजे ‘समजलेले’, तर का-पि-ˈतो म्हणजे ‘घडले’. यांपैकी पहिली दोन रूपे लेखनात एकच दिसतात. ˈपेर्-दो-नो ‘ते गमावतात’ व पेर्-ˈदो-नो ‘मी क्षमा करतो’ यांचेही तसेच.

दोन स्वरांमधील एकेरी व्यंजन पुढील अक्षरात जाते. द्वित्त व्यंजन दुभंगते (ˈलेज्-जे-रे ‘वाचणे’). र, ल, म, न यांपुढे व्यंजन आल्यासही सामान्यतः असेच घडते (पार्-ˈला-रे ‘बोलणे’). स् मात्र पुढील व्यंजनास जोडतात : का-ˈपि-स्को ‘मला समजते’. हा ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचा संकेत होय. उच्चाराशी तो पुरता जुळत नाही. स्वरान्त उपान्त्य अक्षरावर आघात असता त्यातील स्वर लांबतो, तसा तो येथे लांबत नाही. जोडाक्षरापूर्वीचे लघू अक्षर गुरू मानणाऱ्या आपल्या छंदःशास्त्राची येथे आठवण होते.

वर्तमानकाळात प्रथम व द्वितीय पुरुषाच्या अनेकवचनी आघात सामान्यतः प्रत्ययावर असतो (पार्-ˈल्या-मो ‘आपण बोलतो’), इतरत्र धातूवर. तृतीय पुरुषी अनेकवचनात तो एकवचनाच्याच जागी राहतो : ˈपार्-ला-नो ‘ते बोलतात’. नवशिके येथे हटकून उपान्त्य अक्षरावर जोर देतात. सर्वनामे जोडल्यावर आघात शेवटापासून आणखी दूर पडतो. ˈफाब्-ब्रि-का-मे-लो ‘ते मला तयार करून दे’ यात तो शेवटून पाचव्या अक्षरावर आहे.

धातूतील नेमके कोणते अक्षर आघात घेते, हे मूळ रूपावरून कळत नाही. आबितारे ‘राहणे’ याचे ˈआ-बि-तो, पण आर्रिव्हारे ‘पोहोचणे’ याचे आर्-ˈरी-व्हो. याचे कारण लॅटिनमध्ये आहे. तेथे उपान्त्य अक्षर गुरू असल्यास आघात त्यावर, लघू असल्यास त्याच्या आधीच्या अक्षरावर पडे. व्हे-ˈदे-रे ‘पाहणे’ व ˈलेज्-जे-रे यांतील भेदही त्यामुळेच. आघाताने धातूचे रूपही पालटते : ˈस्ये-दो ‘मी बसतो’, परंतु से-ˈद्या-मो ‘आपण बसतो’, ˈम्वो-यो ‘मी मरतो’, परंतु मो-ˈऱ्या-मो ‘आपण मरतो’. लॅटिनमधील ऱ्हस्व ए व ओ स्वरान्त अक्षरात आघाताखाली आले, तेव्हा त्यांचे ये व वो असे संयुक्त स्वर झाले. आघात प्रत्ययावर सरकताच जुने स्वर दिसू लागतात.