मॉनिटर, संगणकाचा : अंकीय दृश्य संकेताचा लोप

संगणकाकडून मॉनिटरकडे अंकीय स्वरूपात येणारा दृश्य संकेत पूर्णपणे वा मधूनमधून खंडित होऊन पडद्यावरील चित्र नाहीसे होणे, या दोषास अंकीय दृश्य संकेताचा लोप असे म्हणतात. दुरुस्ती करणाऱ्यांच्या बोलीत तो ‘नो डिस्प्ले’ किंवा ‘नो सिग्नल’ या नावांनी ओळखला जातो. ही दोन नावे एकाच अर्थाने वापरली जात असली, तरी ती दोन निरनिराळ्या अवस्था दर्शवितात. पहिलीत संगणक मुळात चित्रच निर्माण करीत नाही. दुसरीत चित्र निर्माण होते, पण मॉनिटरपर्यंत पोहोचत नाही. दोषनिदानातील बहुतेक गोंधळ हा भेद न केल्याने होतो आणि चांगल्या स्थितीतील मॉनिटर टाकून दिले जातात.

संकेताचे वहन : आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये प्रचारात आणलेल्या व्हीजीए पद्धतीत लाल, हिरव्या व निळ्या रंगांची तीव्रता सतत बदलणाऱ्या विद्युत् दाबाच्या रूपाने पाठविली जाते. हा सदृश संकेत होय. केबल खराब झाली, तर चित्र अंधूक होते किंवा त्यामागे सावली दिसते. परंतु ते सहसा एकाएकी नाहीसे होत नाही. डीव्हीआय (१९९९), एचडीएमआय (२००२) व डिस्प्लेपोर्ट (२००६) या नंतरच्या पद्धतींत प्रत्येक चित्रबिंदूचा रंग अंकांच्या रूपात जातो. अंक ओळखता येतात तोपर्यंत चित्र निर्दोष दिसते. संकेत आणखी थोडा क्षीण झाला की पडद्यावर चमकणारे ठिपके दिसू लागतात आणि त्यानंतर लगेचच चित्र संपूर्ण जाते. त्यामुळे ‘कालपर्यंत उत्तम चालत होते’ ही तक्रार खरी असूनही केबल महिनोन्‌महिने सदोष असू शकते.

डीव्हीआय व एचडीएमआय यांत रंगांच्या तीन वाहिन्या आणि कालमापक स्पंदांची एक वाहिनी अशा चार तारजोड्या असतात. दर आठ अंकांचे दहा अंकांत रूपांतर करून ते पाठविले जातात. १,९२० × १,०८० चित्रबिंदूंचे चित्र सेकंदास ६० वेळा पाठविताना चित्रबिंदूंची कंप्रता १४८·५ मेगॅहर्ट्‌झ असते व प्रत्येक वाहिनीवरून सेकंदास सुमारे १४८·५ कोटी अंक जातात. पडद्यावरील आडव्या व उभ्या क्रमवीक्षणाचा मेळ राखणारे संकेत निळ्या रंगाच्या वाहिनीतून येतात. यामुळे हिरव्या वाहिनीची तार तुटल्यास चित्र जांभळट गुलाबी आणि लाल वाहिनीची तुटल्यास निळसर हिरवे दिसू शकते. निळी किंवा कालमापक वाहिनी तुटल्यास मात्र चित्रच उमटत नाही. रंग बिघडलेले चित्र दिसणे ही एका अर्थी चांगली खूण होय, कारण संशय सरळ केबल व जोडणीची अग्रे यांवर जातो.

चित्र पाठविण्यापूर्वी दोन्ही उपकरणांत देवघेव होते. एचडीएमआयच्या १९ अग्रांपैकी अठराव्यावर संगणक ५ व्होल्ट दाब पुरवितो. मॉनिटर त्याला उत्तर म्हणून एकोणिसाव्या अग्रावरील दाब वाढवितो. ही मॉनिटर जोडला गेल्याची खूण होय. मग संगणक मॉनिटरच्या स्मृतीतील १२८ किंवा अधिक बाइटांची नोंद वाचतो. तीत मॉनिटरची निर्मिती, त्याला पेलणारे विभेदन व चित्राची आवृत्ती यांची माहिती असते. ही नोंद वाचता आली नाही, तर संगणक चुकीचे विभेदन निवडतो किंवा काहीच पाठवीत नाही. चित्र वाहून नेणाऱ्या सर्व तारा धडधाकट असूनही एका अग्राच्या सैलपणामुळे पडदा काळा राहतो, तो असा.

दोषाचे स्थान ठरविणे : प्रथम संगणक जिवंत आहे की नाही ते पाहावे. कळफलकावरील कॅप्स लॉक ही कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत व विझत असेल, तर संगणक सहसा चालू असतो. अशा वेळी मुख्य बटण चार-पाच सेकंद दाबून धरून संगणक बंद करणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. पडदा गेला तरी भरलेला अर्ज किंवा मांडलेला हिशेब स्मृतीत शाबूत असतो आणि या कृतीने तोच नष्ट होतो. त्याऐवजी कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबून काम जतन करण्याचा यत्न करावा आणि दुसरा मॉनिटर मिळत असल्यास तो चालू संगणकालाच जोडून पाहावा. विंडोज प्रणालीत विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबल्यास चित्र निर्माण करणारी आज्ञावली नव्याने सुरू होते. केवळ ती अडकली असेल, तर चित्र परत येते.

यानंतर मॉनिटरची परीक्षा करावी. त्याच्या स्वतःच्या बटणाने त्याची सूची पडद्यावर येत असेल, तर पटल व पार्श्वप्रकाश दोन्ही ठीक आहेत. सूची येत नसेल, तर अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत पडद्यावर तिरका टाकावा. पुसट चित्र दिसल्यास संकेत येत असून फक्त पार्श्वप्रकाश गेला आहे; अशा मॉनिटरच्या केबली बदलत बसण्यात अर्थ नाही. थंड असताना सुरू न होणारा आणि बऱ्याच प्रयत्नांनंतर चालणारा जुना मॉनिटर बहुधा वीजपुरवठा मंडलातील फुगलेल्या विद्युत् विच्छेद्य धारित्रांचा बळी असतो. या शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत बनलेल्या उपकरणांत हा दोष विशेष आढळला. धारित्रे बदलण्याचे काम मात्र जाणकारानेच करावे, कारण वीज तोडल्यानंतरही या मंडलात काही काळ घातक विद्युत् भार शिल्लक असतो.

सूची येते पण चित्र येत नाही, अशा वेळी सूचीतील निवडलेला मार्ग आणि केबल जोडलेला मार्ग एकच आहे का, हे तपासावे. हे सांगणे बाळबोध वाटेल. परंतु साफसफाईनंतर उद्‌भवणाऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथेच असते. संगणकात चित्राचे वेगळे कार्ड बसविले असूनही केबल मुख्य मंडलफलकावरील खोबणीत लावली जाणे, हा त्याचाच दुसरा प्रकार. पुढची पायरी म्हणजे दोन्ही उपकरणांच्या वीज-केबली आणि त्यांना जोडणारी दृश्य-केबल अशा सर्व काढून सुमारे अर्धा मिनिट थांबणे. केवळ मॉनिटरचे बटण बंद करणे पुरत नाही, कारण वर उल्लेखिलेला ५ व्होल्टचा पुरवठा दृश्य-केबलीतून चालूच राहतो व मॉनिटरमधील अडकलेले मंडल मोकळे होत नाही.

संकेत मधूनमधून जात असल्यास चित्राची आवृत्ती किंवा विभेदन उतरवून पाहणे ही सर्वांत बोलकी कसोटी होय. ३,८४० × २,१६० चित्रबिंदू सेकंदास ६० वेळा पाठविण्यास ५९४ मेगॅहर्ट्‌झ, म्हणजे आधीच्या उदाहरणाच्या चौपट कंप्रता लागते. सेकंदास ३० वेळा पाठविल्यास ती निम्मी होते. वेग उतरवताच चित्र स्थिर राहिले, तर दोष बहुतांशी केबलीत असतो. केबल जितकी लांब व बारीक, तितकी ती उच्च कंप्रतेला लवकर हार खाते.

स्थानिक परिस्थिती : अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड हे कमी पावसाच्या पट्ट्यातील तालुक्याचे ठिकाण असून जिल्ह्याचे शहर तेथून सत्तर-पंचाहत्तर किमी. दूर आहे. अशा गावांत २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग आणि नंतर महा ई-सेवा केंद्रे निघाली. शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या दिवसांत उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्यासाठी आलेली माणसे ओळीत उभी असताना पडदा काळा झाला, तर जिल्ह्याच्या गावाहून कारागीर येईपर्यंत थांबणे परवडत नाही. म्हणून येथील दोषांचे विशेष ध्यानात घेणे आवश्यक आहे.

पहिला विशेष भूसंपर्कनाचा, ज्याला व्यवहारात अर्थिंग म्हणतात. संगणकाच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळण्यासाठी बसविलेल्या धारित्रांमुळे, भूसंपर्कन नसल्यास, धातूच्या पेटीवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. प्रवाह अत्यल्प असल्याने हाताला केवळ झिणझिण्या येतात आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. पण पेटीवर असा दाब असताना एचडीएमआय केबल खुपसली आणि कवचाआधी एखादे संकेताचे अग्र टेकले, तर तो प्रवाह केवळ ५ व्होल्टच्या आतबाहेर चालणाऱ्या अर्धसंवाहक मंडलातून जातो व ती खोबण कायमची निकामी होते. तीन टाचांच्या प्लगाची मोठी टाच काढून टाकणे किंवा भूतार नसलेल्या जोडपट्टीवर काम भागविणे, हे याचे नेहमीचे कारण. भूसंपर्कन असले तरी कोरड्या जमिनीचा विद्युत् रोध वाढतो. यास्तव मीठ व कोळसा घातलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालीत राहावे लागते. दुष्काळी भागात नेमके हेच राहून जाते. दृश्य-केबल लावताना व काढताना दोन्ही उपकरणांची वीज तोडावी, हा नियम येथे म्हणूनच काटेकोरपणे पाळावा. वर सांगितलेली चालू संगणकाला दुसरा मॉनिटर जोडण्याची कसोटीदेखील भूसंपर्कनाची खात्री असेल तेथेच करावी.

दुसरा विशेष वीजपुरवठ्याचा. दाब क्षणभर उतरला की यूपीएसवरील संगणक चालू राहतो; परंतु थेट भिंतीवरील खोबणीस जोडलेला मॉनिटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात तुटलेली देवघेव दर वेळी नव्याने होतेच असे नाही. मॉनिटरही यूपीएसवर घेतल्यास अशा तक्रारी एकदम थांबतात. याउलट कोरड्या हवेत खुर्चीवरून उठताच पडदा क्षणभर काळा होणे, हा दोष नव्हे तर स्थिर विद्युतेचा परिणाम असू शकतो. वायुदाबावर वरखाली होणाऱ्या खुर्च्यांतून निघणारी विद्युत् चुंबकीय स्पंदने कमी कवचाच्या केबलीत शिरतात. भुताटकीसारखा वाटणारा हा प्रकार चांगल्या कवचाची केबल घेतल्याने सुटतो.

काटकसरीपोटी जुना व्हीजीए मॉनिटर नव्या संगणकास जोडण्यासाठी रूपांतरक वापरतात. तो केवळ तारांचा जोड नसून त्यात अंकीय संकेताचे सदृश संकेतात रूपांतर करणारे मंडल असते व ते त्याच अठराव्या अग्रावरील पुरवठ्यावर चालते. तेथे ५५ मिलिअँपिअर एवढ्याच प्रवाहाची हमी असते. स्वस्त रूपांतरकास अधिक प्रवाह लागतो. तो तापतो आणि अर्ध्याएक तासाने चित्र जाते. स्वतंत्र वीजपुरवठा घेणारा रूपांतरक वापरणे हाच त्यावर उपाय होय.

संगणकच चित्र निर्माण करीत नसेल आणि सुरू करताना ‘बीप’ आवाज येत असेल, तर स्मृतिपट्टी म्हणजे रॅम काढून तिची सोनेरी अग्रे खोडरबराने घासण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. धूळ व ऑक्साइडाचा थर निघून जात असल्याने ती बहुधा यशस्वी होते. मात्र खरखरीत रबराने मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खोबणीत पडल्यास नवाच दोष उद्‌भवतो. मऊ रबर हलक्या हाताने वापरून अग्रे कोरड्या ब्रशाने झाडावीत. वीज तोडल्याशिवाय हे करू नये.

डिस्प्लेपोर्टमध्ये दोन्ही उपकरणे आरंभी चाचणी-संकेत पाठवून वाहिन्यांची संख्या व वेग आपसांत ठरवितात. ही चाचणी निद्रावस्थेतून जागे होताना फसल्यास पडदा काळा राहतो व केबल काढून लावल्यास चित्र येते. या पद्धतीचा आणखी एक दोष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विसाव्या अग्रावर प्रत्येक उपकरण वीज उपलब्ध करून देते. ते अग्र प्रमाणित केबलीत जोडलेले नसते. काही हलक्या केबलींत ते जोडलेले असते. त्यामुळे बंद संगणकात मॉनिटरकडून उलटी वीज शिरते आणि संगणक सुरू होण्यास नकार देतो किंवा चित्र देत नाही. मॉनिटरची वीज तोडल्यावरच संगणक सुरू होत असेल, तर इतर काही न उघडता आधी ती केबल बदलावी.