पाणबुड्याची राखीव हवा

समुद्राच्या पोटांत उतरणाऱ्या माणसाचा प्रत्येक श्वास मोजका असतो. १९४३ सालीं फ्रान्समध्यें नौदलाचे अधिकारी झाक-इव्ह कुस्तो आणि एंजिनिअर एमिल गान्यां यांनीं, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें आपोआप हवा पुरविणारें उपकरण सिद्ध केलें आणि पाठीवर टाकी बांधून माणूस पाण्याखालीं मोकळेपणानें फिरूं लागला. पण टाकींतील हवा संपत आली हें त्याला कळावें कसें? पाण्यांत नेण्याजोगा दाबमापक आरंभीं सर्वांपाशीं नसे. म्हणून पुढें टाकीच्या तोंडाशीं स्प्रिंगची झडप बसविण्याची पद्धत पडली. दाब ठराविक मर्यादेखालीं उतरला कीं श्वास ओढणें जड जाई; मग पाणबुड्या एक दांडी ओढून उरलेली हवा मोकळी करी व वर येई. ही दांडी कशाला तरी अडकून आधींच खालीं ओढली गेली असली, तर राखीव म्हणून समजलेली हवा त्याच्या नकळत संपून गेलेली असे. शिवाय ती हवा त्याच टाकींतली. टाकीचें तोंडच बिघडलें तर तिचा उपयोग काय?

यासाठीं निराळी लहान कुपी जवळ बाळगण्याची चाल आली. मालवण-तारकर्लीच्या उथळ पाण्यांत प्रशिक्षकाचा हात धरून उतरणाऱ्या हौशी पाहुण्याला तिची गरज नसते. खोल पाण्यांत किंवा एकट्यानें उतरणाऱ्याला मात्र ती प्राणासारखी जपावी लागते. ही कुपी भरण्यासाठीं दरवेळीं हवा भरण्याच्या यंत्राकडे जावें लागत नाहीं. मुख्य टाकी आणि कुपी एका जोडनळीनें जोडली कीं काम भागतें. काम सोपें आहे, आणि त्या सोपेपणांतच धोका आहे.

दोन हौद तळाशीं नळीनें जोडले तर पाणी दोहोंत सारख्या उंचीवर येऊन थांबतें. भरल्या हौदाला रिकामी घागर जोडली तर घागर जवळजवळ काठापर्यंत भरते आणि हौदाची पातळी बोटभरहि उतरत नाहीं. घागरीच्या जागीं मोठा रांजण जोडला तर पातळी डोळ्यांना दिसेल इतकी उतरते. हवेचेंहि तसेंच, फक्त पातळीच्या ऐवजीं येथें दाब समान होतो. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमानें त्याचा हिशेब मांडतां येतो.

समजा, मुख्य टाकी ११ लिटरची असून तींत २०० बार दाब आहे. (एक बार म्हणजे स्थूलमानानें आपल्या भोवतालच्या वातावरणाचा दाब.) तींत सुमारें २,२०० लिटर मोकळी हवा कोंडलेली असते. तिला ०.४ लिटरची रिकामी कुपी जोडली तर दोहोंत १९३ बार दाब राहतो. मुख्य टाकीचें नुकसान नगण्य. पण कुपी ३ लिटरची असेल तर दोन्हीकडे १५७ बारच उरतात. कुपी पूर्ण भरत नाहीं, आणि मुख्य टाकीचा पंचमांशाहून अधिक सांठा बुडी मारण्यापूर्वींच खर्च होतो. उच्च दाबावर हवा बॉइलच्या नियमापासून थोडी ढळते, म्हणून प्रत्यक्ष आंकडे किंचित् निराळे येतील. ठोकळ हिशेबाला एवढें पुरे.

जवळ दोन टाक्या असतील तर क्रमाला महत्त्व येतें. एकींत १२० बार व दुसरींत २०० बार असतील, तर ३ लिटरची कुपी आधीं कमी दाबाच्या टाकीला जोडावी. तीं दोन्हीं ९४ बारांवर येतात. मग ती भरल्या टाकीला जोडली कीं कुपींत १७७ बार मिळतात. थेट जोडण्यानें मिळाले असते त्यापेक्षां २० अधिक. क्रम उलटला तर गंमत होते: १५७ बारांची कुपी १२० बारांच्या टाकीला जोडतांच हवा उलट कुपींतून बाहेर वाहूं लागते.

आतां या वीस बारांनीं काय साधतें तें पाहावें. शांत चित्तानें पोहणारा मनुष्य पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो असें धरूं. पाण्यांत दर १० मीटरांना दाब एका बारानें वाढतो आणि हवेचा खर्च त्या प्रमाणांत वाढतो. घाबरलेला मनुष्य तर सहज दुप्पट श्वास घेतो. ३० मीटरांवरून मिनिटाला ९ मीटर या संथ गतीनें वर येण्यास घाबरलेल्या माणसाला सुमारें ३३० लिटर लागतील. वाटेंत ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबण्याचा प्रघात आहे, त्याचे आणखी १८०. एकूण ५१० लिटर. १५७ बारांच्या कुपींत ४७१ लिटर हवा असते, १७७ बारांच्या कुपींत ५३१. पहिली अपुरी, दुसरी जेमतेम पुरी.

०.४ लिटरच्या कुपीबद्दल तर फारच भ्रम आढळतो. तिच्यांत ७७ लिटर हवा मावते. दहा मीटरांवरून वर येण्यास ती घाबरट माणसालाहि पुरेल. वीस मीटरांवरून संथपणें येणाऱ्या शांत माणसालादेखील सुमारें ८९ लिटर लागतात. तेथें ती पुरत नाहीं. दाबमापकाचा कांटा १९३ दाखवीत असतो म्हणून कुपी ‘भरलेली’ खरी, पण कांटा दाब दाखवितो, श्वास मोजीत नाहीं.

भरतांना घाई उपयोगी नाहीं. सायकलच्या पंपाचें तोंड तापतें हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. कुपींत घुसणारी हवाहि दाबली जाऊन तशीच तापते. ६० अंशांवर तापलेली हवा २८ अंशांवर आली कीं दाब जवळजवळ दहावा हिस्सा उतरतो. २०० बार वाचून समाधान मानलेल्या माणसाच्या हातीं १८१ बार राहतात. म्हणून कुपीची झडप आधीं उघडावी, मग टाकीची अगदीं हळूहळू, सूक्ष्म फुसफुस ऐकूं येईल इतकीच. आणि दाब समान झाल्यावरहि कुपी निवेपर्यंत जोडणी तशीच राहूं द्यावी. नंतर दोन्ही झडपा बंद करून, जोडनळींत अडकलेली हवा तिच्या लहान स्क्रूनें सोडून मगच नळी काढावी. जोडण्यापूर्वीं टाकीची झडप क्षणभर उघडून तोंडावरचे पाण्याचे थेंब उडवून द्यावे. खाऱ्या पाण्याचा थेंब आंत गेला तर धातू आंतून खातो, आणि बाहेरून तें दिसत नाहीं.

कुपीवर कोरलेला दाब ही तिची मर्यादा होय. ३०० बारांची टाकी २०७ बारांच्या कुपीला जोडणें म्हणजे स्फोटाला आमंत्रण. जिची नियतकालिक तपासणी झालेली नाहीं ती कुपी भरूंच नये. टाकींत साधी हवा नसून ऑक्सिजन वाढविलेलें मिश्रण असेल तर तेंच कुपींत जातें. निम्मा ऑक्सिजन असलेलें मिश्रण २२ मीटरांखालीं विषारी ठरूं शकतें. शिवाय अशा मिश्रणासाठीं कुपी व नळी तेलाच्या लेशापासून मुक्त हवी, नाहींतर जोरानें शिरणाऱ्या वायूच्या उष्णतेनें पेट घेण्याचा संभव असतो.

भरल्यावर कुपीला चिकटपट्टी लावून तिच्यावर वायूचें नांव, दाब आणि तारीख लिहावी. आदल्या रात्रीं भरलेली कुपी सकाळीं पुन्हां मोजावी. दाब उतरला असेल, तर ती घंगाळांतल्या पाण्यांत बुडवून झडपेपाशीं बुडबुडे येतात काय तें पाहावें.