पाताळभैरवी: दाढीत जादू असलेला मांत्रिक

जुन्या तेलुगू सिनेमाची ओळख करून घ्यायची असेल तर मी डोळे झाकून एकच नाव सांगतो: 'पाताळभैरवी' (1951). विजया प्रॉडक्शन्सची निर्मिती, दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी. कथेचं मूळ मधिरा सुब्बन्न दीक्षितुलु यांच्या 'काशी मजिली कथलु' या संग्रहात सापडतं. मजिली म्हणजे मुक्काम. काशीयात्रेच्या वाटेवर प्रत्येक मुक्कामी सांगितलेल्या या गोष्टी.

उज्जैनच्या माळ्याचा पोरगा रामुडू राजकन्येच्या प्रेमात पडतो. राजा म्हणतो, आधी माझ्याइतकी संपत्ती आण! तेवढ्यात भेटतो नेपाळी मांत्रिक. त्याला देवीपुढे एका शूर तरुणाचा बळी द्यायचाय, बदल्यात हवी ती इच्छा पुरवणारी मूर्ती. बळी कोणाचा जातो, ते पडद्यावरच बघा. थोडासा अल्लाउद्दीन आठवतो, पण बाज अस्सल तेलुगू.

नायक एन. टी. रामाराव, संगीत घंटसालांचं. पण खरं सांगू? सिनेमा खाऊन टाकतात ते मांत्रिक झालेले एस. व्ही. रंगाराव. तेव्हा वय अवघं 32! ते डोळे, तो गडगडाटी आवाज आणि ती दाढी. तिच्यातच सगळी शक्ती, त्यामुळे पुढे ती भादरायचा प्रसंग येतो, तो तर धमालच. मार्कस बार्टलींच्या कॅमेऱ्यातली ट्रिक दृश्यंही आवर्जून बघा, संगणकाचा मागमूस नव्हता तेव्हा.

1952 साली मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यातही हा दाखवला होता.